धुऊनही पुन्हा पुन्हा तुंबणारे एमबीआरचे पडदे: दोष कोठे शोधावा

रसायनाने धुतल्यावर व्हॅक्यूम गेजचा काटा खाली येतो, आठ-दहा दिवस पाणी व्यवस्थित निघते, मग काटा पुन्हा चढू लागतो आणि तीन आठवडे होण्याच्या आत पडदे पुन्हा धुण्याची वेळ येते. गृहसंकुले, हॉटेले आणि रुग्णालये यांच्या आवारातील एमबीआर पद्धतीच्या, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्यांतून पाणी गाळून घेणाऱ्या, एसटीपींवर (सांडपाणी शुद्धीकरण संयंत्रांवर) काम करताना ही तक्रार मी सर्वांत जास्त वेळा ऐकली आहे. तिच्यावर बहुधा एकच उपाय केला जातो: हायपोचे (सोडियम हायपोक्लोराइट या क्लोरीनयुक्त द्रावणाचे) प्रमाण वाढवायचे आणि दोन धुण्यांमधील अंतर कमी करायचे. त्याने काही दिवस निभावते, परंतु दोष जागेवरच राहतो आणि प्रत्येक धुण्यागणिक पडद्याचे आयुष्य मात्र घटत जाते. वारंवार तुंबण्याचे मूळ बहुतेक ठिकाणी पडद्याच्या बाहेर सापडते. ते जाळीत असते, समतोल टाकीत (येणारे सांडपाणी साठवून सारख्या प्रवाहाने पुढे सोडणाऱ्या टाकीत) असते, हवा पुरवणाऱ्या ब्लोअरमध्ये असते, टँकरच्या पाण्यात असते, आणि कधी कधी खुद्द धुण्याच्या पद्धतीतच असते. ते कसे हुडकावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

सक्रिय गाळाची, म्हणजे हवा देऊन वाढवलेल्या सूक्ष्मजीवांकडून सांडपाणी शुद्ध करण्याची, मूळ पद्धत मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट यांनी १९१४ मध्ये मांडली. तिच्यात गाळ आणि पाणी निवळण टाकीत वेगळे होतात. एमबीआरमध्ये निवळण टाकीची जागा पडद्यांनी घेतली, आणि हे पडदे थेट गाळाच्या टाकीत बुडवून पंपाने पाणी ओढण्याची कल्पना १९८९ मध्ये जपानमधील काझुओ यामामोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे आणली. आज आपल्याकडे दिसणारे पडदे एक तर शेवयांसारख्या पोकळ तंतूंचे असतात किंवा पाटीसारखे सपाट असतात, आणि त्यांची छिद्रे साधारण ०.०४ ते ०.४ मायक्रॉनची असतात. एवढ्या बारीक छिद्रांवर दर लिटरला ८ ते १२ ग्रॅम गाळ असलेले पाणी दिवसरात्र ओढले जात असताना पडद्यावर काही ना काही साचणारच. साचण्याची ही गती हवेच्या बुडबुड्यांनी, थोड्या थोड्या वेळाने दिलेल्या विश्रांतीने आणि अधूनमधून केलेल्या धुण्याने आटोक्यात राहते की नाही, एवढेच पाहायचे असते. ती आटोक्यात राहत नसेल, तर या व्यवस्थेतील कोणता तरी दुवा सुटलेला आहे असे समजावे.

प्रथम काटा खरे बोलतो आहे का ते पाहावे

पडद्याच्या दोन बाजूंमधील दाबाच्या फरकाला साइटवर सर्व जण टीएमपी म्हणतात, परंतु लॉगबुकात लिहिलेला आकडा बहुतेक ठिकाणी टीएमपी नसतोच. तो परमिएट (पडद्यातून गाळून आलेले पाणी) ओढणाऱ्या पंपाजवळच्या गेजवरचा सरळ उतरवून घेतलेला आकडा असतो. टाकीतील पाण्याच्या पातळीपेक्षा गेज २ मीटर उंचीवर बसवलेला असेल, तर पडदे अगदी नवे कोरे असतानाही तो सुमारे १४७ मिलिमीटर पारा, म्हणजे जवळपास १९६ मिलीबार एवढी ओढ दाखवील, कारण पंपाला पाणी तेवढे वर उचलावेच लागते. हा आकडा पाहून "दाब दोनशेवर गेला" म्हणून चांगले पडदे आठवड्याला धुतले जात असल्याचे मी पाहिले आहे. आणखी एक प्रकार घडतो. टाकीची पातळी अर्ध्या मीटरने खाली गेली की काटा ५० मिलीबारने चढतो, आणि पातळीच्या फ्लोटमधील बिघाड पडद्याच्या माथी मारला जातो.

ही चूक टाळण्याची रीत साधी आहे. पंप थांबवावा, ओढनळी पाण्याने भरलेली असतानाच पहिल्या अर्ध्या मिनिटात गेज वाचावा आणि तो आकडा शून्यबिंदू म्हणून लिहून ठेवावा. पंप चालू असतानाच्या आकड्यातून तो वजा केला की खऱ्या टीएमपीच्या बरेच जवळ जाता येते. नळीत कोठे हवा शिरत असेल, तर पाणी कमी येते आणि काटाही फारसा चढत नाही. अशा वेळी पारदर्शक नळीच्या तुकड्यातून बुडबुडे जाताना दिसतात आणि दोष पडद्यात नसून एखाद्या फ्लँजच्या वॉशरमध्ये असतो.

नुसत्या दाबावरही विसंबू नये. पडद्याच्या प्रत्येक चौरस मीटरमधून तासाला किती लिटर पाणी निघते, त्याला फ्लक्स म्हणतात. फ्लक्सला टीएमपीने भागले की पडद्याची पारगम्यता मिळते, आणि दोन दिवसांची तुलना करायची असेल तर ती याच आकड्याने करावी. १०० मिलीबारला १६ लिटर देणारा पडदा आणि २०० मिलीबारला १६ लिटर देणारा पडदा यांच्यात दुपटीचे अंतर आहे, हे त्यातून लगेच कळते. पाण्याचे तापमानही सोबत लिहावे. २० अंशांच्या पाण्यापेक्षा ३० अंशांचे पाणी सुमारे पाचव्या हिश्शाने कमी चिकट असते, म्हणून मे महिन्यात उत्तम दिसणारा पडदा डिसेंबरात काहीही न बिघडता थोडा जड चालतो.

दाब कसा चढतो, ते काय सांगते

दोष ओळखण्यासाठी दाब किती आहे यापेक्षा तो कसा चढला हे पाहणे मला अधिक उपयोगी वाटते. महिन्याभराचे आकडे साध्या आलेखाच्या कागदावर मांडले तरी पुष्कळ गोष्टी उघड होतात. काल सायंकाळपर्यंत सर्व ठीक असताना काही तासांत दाब झपकन चढला असेल, तर गाळाला काही तरी झाले आहे, हवा बंद पडली आहे किंवा पडद्यावरचा प्रवाह अचानक वाढला आहे. रोज थोडा थोडा, जवळपास सरळ रेषेत चढत असेल, तर क्षारांचा थर, केसांची गुंतवळ किंवा तंतूंच्या मधोमध हळूहळू घट्ट होणारा गाळ यांचा संशय घ्यावा. प्रत्येक धुण्यानंतर काटा खाली येतो खरा, पण मागच्या वेळेपेक्षा थोडा वरच थांबतो, असे दिसले तर धुण्याने न निघणारे काही तरी साचत आहे, आणि तेच वापरलेले रसायन आणखी जोराने वापरून ते निघणार नाही.

याच्या जोडीला एक छोटी चाचणी करावी. परमिएट पंप बंद ठेवून नुसती हवा अर्धा तास चालू ठेवावी आणि मग नेहमीच्याच प्रवाहाने पाणी ओढून पाहावे. दाब बराच खाली आला, तर पडद्यावर केवळ गाळाची साय धरली होती. अजिबात फरक पडला नाही, तर थर चिकटून बसलेला आहे. हायपोने उतरला तर तो सेंद्रिय असतो, सायट्रिक अॅसिडने उतरला तर क्षारांचा असतो, आणि दोन्हींनी उतरला नाही तर रसायन बाजूला ठेवून पडदा उचलून डोळ्यांनी पाहावा.

हायपोनेच वाढणारा थर

पुण्याच्या पश्चिम भागातील एका गृहसंकुलाचे उदाहरण मी मुद्दाम सविस्तर देतो, कारण तेथे दोष ओळखायला मलाच दोन खेपा लागल्या. दिवसाला २४० घनमीटरचा एसटीपी, पोकळ तंतूंचे पडदे, चार वर्षे विशेष तक्रार नाही. मार्चच्या अखेरीपासून मात्र दाब चढू लागला. देखभालीच्या ठेकेदाराने दर आठवड्याचे हायपोचे धुणे आठवड्यातून दोनदा केले, तरी एप्रिलच्या मध्यापर्यंत स्थिती अधिकच बिघडली. पहिल्या भेटीत मी गाळ तपासला, हवा तपासली, जाळी पाहिली. सर्व ठीक होते. दुसऱ्या भेटीत एक मॉड्यूल (पडद्यांचा एक संच) चेन ब्लॉकने वर घेतले आणि तंतू जेथे हेडरमध्ये, म्हणजे पाणी गोळा करणाऱ्या नळीत, बसवलेले असतात तेथे बोट फिरवले, तेव्हा हाताला बारीक वाळूसारखी खरखर लागली. पाणी तापवण्याच्या बंबाच्या आत जसा पांढुरका थर धरतो, तसाच थर तेथे होता. नखाने काढलेली त्याची चिमूटभर पूड बाटलीच्या झाकणात घेऊन तिच्यावर लिंबू पिळले, आणि ती फसफसली.

फसफसणे हा कार्बोनेटचा पुरावा होता. मार्चपासून संकुलात नळाच्या पाण्याऐवजी मुख्यतः बोअरचे आणि टँकरचे पाणी येत होते आणि ते बरेच जड होते. हवा सोडलेल्या टाकीत पाण्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच थोडा वाढतो आणि कॅल्शियमला कार्बोनेटच्या रूपात बसण्याची संधी मिळते. परंतु खरी मेख त्यापुढे होती. सोडियम हायपोक्लोराइट हे स्वतः तीव्र अल्कधर्मी असते. ठेकेदाराचा ऑपरेटर धुण्याचे द्रावण त्याच बोअरच्या पाण्यात तयार करीत होता. जड पाण्यात हायपो ओतले की पीएच एकदम वर जातो, बायकार्बोनेटचे कार्बोनेट होते आणि कॅल्शियम कार्बोनेटचा बारीक साका धरतो. हा साका असलेले द्रावण उलट्या दिशेने, म्हणजे पडद्याच्या आतल्या बाजूने, छिद्रांमध्ये दाबले जात होते. धुणी वाढवली तसा थर वाढला, त्याचे कारण हे होते.

हे पडताळून पाहणे कोणालाही जमण्यासारखे आहे. द्रावणासाठी वापरायचे पाणी काचेच्या ग्लासात घ्यावे, त्यात धुण्याच्या प्रमाणात हायपो घालावे आणि तासभर ठेवावे. पाणी दुधाळ झाले किंवा तळाशी पांढरे बसले, तर तेच पडद्यात घडत आहे. त्या संकुलात आम्ही प्रथम १ टक्का सायट्रिक अॅसिडने, म्हणजे १,००० लिटर पाण्यात १० किलो, पडदे भिजवले, नंतर भरपूर साध्या पाण्याने खंगाळले आणि त्यानंतरच सॉफ्टनरच्या (जडपणा काढलेल्या) पाण्यात केलेले हायपो वापरले. सर्वसाधारण धुण्यात हायपो आधी आणि अॅसिड नंतर असा क्रम बरोबर असतो. क्षारांचा थर असेल तर तो आधी अॅसिडने काढणे योग्य, कारण त्याच्याखाली अडकलेल्या सेंद्रिय थरापर्यंत हायपो पोहोचतच नाही. आठवड्याच्या धुण्याचे पाणी कायमचे सॉफ्टनरवरून घेतल्यावर तेथील तक्रार थांबली. उन्हाळ्यात पाण्याचा स्रोत बदलणाऱ्या प्रत्येक संकुलाने मार्चमध्येच परमिएटची कठीणता मोजावी, असा माझा आग्रह आहे.

केसांची वेणी

पोकळ तंतूंच्या पडद्यांत केस, कापडाचे धागे आणि ओल्या पुसण्यांचे तंतू एकमेकांत पिळून वेणी तयार होते, तिच्यात गाळ भरतो आणि तंतूंचा तेवढा भाग मेणबत्तीसारखा घट्ट होतो. त्या भागातून पाणी निघत नाही, म्हणून उरलेल्या भागावर प्रवाह वाढतो आणि तोही लवकर तुंबतो. धुण्याच्या प्रमाणातल्या हायपोने किंवा अॅसिडने ही वेणी सुटत नाही. मॉड्यूल उचलून, ओले ठेवून, बागेच्या पाइपच्या साध्या धारेखाली हाताने ती सोडवावी लागते. सुरी, तारेचा ब्रश किंवा गाड्या धुण्याची जोरकस धार वापरली तर तंतू तुटतात आणि मग शुद्ध पाण्यातच गाळ येऊ लागतो.

याचे मूळ जाळीत असते. उभ्या गजांच्या जाळीतून केस लांबीच्या दिशेने सहज निसटतो, मग गजांमधील फट कितीही कमी असो. पोकळ तंतूंसाठी १ ते २ मिलिमीटरच्या गोल छिद्रांची जाळी लागते. सपाट पडद्यांना २ ते ३ मिलिमीटर चालते. अशी जाळी बसवलेली असूनही वेणी होत असेल, तर बायपासचा व्हॉल्व्ह पाहावा. रात्री जाळी तुंबते, चेंबर भरून वाहू लागते, ड्युटीवरचा एकटा माणूस बायपास उघडतो आणि सकाळी बंद करतो. त्याला दोष देण्यापेक्षा जाळी दिवसातून किती वेळा साफ होते आणि ते काम कोणाकडे दिले आहे, हे ठरवणे गरजेचे आहे. जाळीनंतरच्या टाक्या उघड्या असतील आणि शेजारी झाडे असतील, तर पाने आणि काटक्याही जाळी न ओलांडताच पडद्यापर्यंत पोहोचतात. तेथे साधे आच्छादन पुरते.

गाळाची प्रकृती

दाब अचानक चढला तर मी सर्वप्रथम गाळाकडे वळतो. सूक्ष्मजीव निरोगी असतात तेव्हा त्यांचे गठ्ठे घट्ट असतात आणि त्यांच्यामधून पाणी सहज वाट काढते. त्यांच्यावर ताण आला की पॉलिसॅकराइड आणि प्रथिने असलेले बुळबुळीत द्रव्य पाण्यात वाढते, आणि पडद्याला हे द्रव्य गाळाच्या कणांपेक्षा कितीतरी अधिक त्रासदायक असते. ताणाची कारणे आपल्या घरगुती व्यवहारातलीच असतात. दिवाळीपूर्वीच्या साफसफाईत एकाच आठवड्यात फिनेल, ब्लीच आणि फरशीची जंतुनाशके यांचा लोंढा येतो. मे महिन्यात निम्मी घरे बंद असल्याने गाळ उपाशी राहतो आणि जूनमध्ये सर्व जण परतले की त्याच्यावर एकदम भार पडतो. वायुवीजन टाकीत विरघळलेला प्राणवायू दर लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास असावा. तो दीर्घकाळ १ च्या खाली राहिला तर गाळ विस्कळीत आणि तंतुमय होतो.

गाळ फार दाट होऊ देणे ही आपल्याकडे नेहमी होणारी चूक आहे, कारण गाळ काढायचा म्हणजे फिल्टर प्रेस (गाळ दाबून पाणी काढणारे यंत्र) चालवायचा आणि गाळाची विल्हेवाट लावायची, आणि ते काम टाळण्याकडे कल असतो. एमएलएसएस, म्हणजे टाकीतील द्रवात असलेल्या गाळाचे प्रमाण, दर लिटरला १५,००० मिलिग्रॅमच्या वर गेला की द्रव चिकट होतो, हवेतला प्राणवायू त्यात नीट विरघळत नाही आणि बुडबुडे पडदा घासण्याऐवजी गाळातून कशीबशी वाट काढतात. गाळ फार विरळ असणेही चांगले नाही. नवीन संयंत्र सुरू करताना एमएलएसएस ३,०००-४,००० असतानाच पूर्ण प्रवाह ओढला तर बारीक कण आणि विरघळलेले पदार्थ थेट छिद्रांत जातात.

गाळ पडद्याला मानवेल की नाही, हे सांगणारी गाळणकागदाची चाचणी प्रत्येक ऑपरेटरने शिकून घ्यावी. नरसाळ्यात घडी घातलेला गाळणकागद ठेवावा, त्यात टाकीतला ५० मिलिलिटर गाळ ओतावा आणि ५ मिनिटांत खाली किती पाणी जमले ते मोजावे. १० मिलिलिटरच्या वर आले तर गाळ चांगला आहे, ५ च्या खाली आले तर पडद्यावर संकट येऊ घातले आहे. कागदाची जात बदलली की आकडा बदलतो, म्हणून एकदा निवडलेला कागदच नेहमी वापरावा. या चाचणीला दहा मिनिटे लागतात आणि दाब चढण्यापूर्वीच ती इशारा देते, म्हणून महागड्या तपासण्यांपेक्षा मला तिचा भरवसा जास्त वाटतो.

कागदाचा आकडा वाईट आला आणि प्राणवायू, एमएलएसएस ठीक असतील, तर बाहेरून काय येते ते शोधावे. फिल्टर प्रेससाठी वापरलेला कॅटायनिक पॉलिमर (गाळाचे कण एकत्र बांधणारे रसायन) जास्त झाला की तो निथळलेल्या पाण्याबरोबर परत टाकीत येतो आणि पडद्याला अक्षरशः चिकटतो. ते निथळलेले पाणी बोटांच्या चिमटीत घेऊन पाहावे. बुळबुळीत लागले, तर पॉलिमर जास्त होतो आहे. फेस मारण्यासाठी सिलिकॉनयुक्त औषध वापरले असेल, तर ते ताबडतोब थांबवावे. फेस होण्याचे कारण शोधावे आणि अगदीच गरज पडली तर पडद्याच्या उत्पादकाने मान्य केलेले, सिलिकॉनविरहित द्रव्य घ्यावे. हॉटेलांत तेल-तुपाचा सापळा दर आठवड्याला साफ होतो का, हे स्वयंपाकघरात जाऊन पाहावे, नुसते विचारू नये.

प्रवाह एकाच वेळी अंगावर येणे

प्रत्येक पडद्याला एक मर्यादा असते. त्या प्रवाहाच्या खाली गाळ पडद्यावर सावकाश साचतो, वर गेले की साचण्याचा वेग झपाट्याने वाढतो. घरगुती सांडपाण्यावर बुडवलेले पडदे साधारण १० ते २५ लिटर प्रति चौरस मीटर प्रति तास या पट्ट्यात चालवले जातात. वर उल्लेखलेल्या २४० घनमीटरच्या संयंत्रात पडद्यांचे क्षेत्रफळ ८०० चौरस मीटर आहे. पंप दिवसाला २० तास चालला आणि ९ मिनिटे ओढणे व १ मिनिट विश्रांती असा क्रम ठेवला, तर प्रत्यक्ष ओढण्याचे तास १८ होतात आणि फ्लक्स १६.७ पडतो. तेच पाणी रात्रपाळीचा माणूस नाही म्हणून १२ तासांत काढले, तर ओढण्याचे तास १०.८ उरतात आणि फ्लक्स २७.८ होतो. दिवसाचे एकूण पाणी तेवढेच, नोंदवहीत सर्व काही ठीक, आणि पडदे मात्र रोज मर्यादेबाहेर चालतात.

समतोल टाकी लहान असेल किंवा तिच्यात गाळ बसून तिची धारणक्षमता घटली असेल, तरी सकाळी ६ ते १० च्या लोंढ्यात हेच घडते. टाकी दर वर्षी साफ करणे आणि पंप कमी प्रवाहावर अधिक तास चालवणे यांनी अनेक संयंत्रांची तक्रार रसायनाचा थेंबही न वापरता मिटते. दोन पडदा-टाक्यांपैकी एक धुण्यासाठी बंद असेल, तेव्हा दुसरीवर दुप्पट भार जाणार नाही याची काळजी घ्यावी. पाणी थोडे कमी काढले तरी चालेल.

बुडबुडे डोळ्यांनी पाहावे

परमिएट पंप बंद करून, हवा चालू ठेवून, टॉर्च घेऊन टाकीच्या कडेला उभे राहावे. सर्व मॉड्यूलांवर पाणी सारखे उकळल्यासारखे दिसले पाहिजे. एखादा कोपरा शांत दिसला, तर त्याखालच्या डिफ्युझरची (बुडबुडे सोडणाऱ्या नळीची) भोके वाळलेल्या गाळाने बुजलेली आहेत, आणि त्या कोपऱ्यातील पडदे सर्वांत आधी तुंबणार हे नक्की. ब्लोअर बंद झाला की टाकीतला गाळ हवेच्या नळीत मागे शिरतो आणि पुन्हा हवा सुरू झाल्यावर आत वाळतो. म्हणून हवेची नळी पाण्याने धुण्याची सोय असेल तर ती नियमित वापरावी, नसेल तर करून घ्यावी. ब्लोअरवरील दाब वाढला असेल तर भोके बुजत आहेत. दाब घटला असेल तर पट्टा सैल झाला आहे, हवेचा फिल्टर भरला आहे किंवा नळी फुटली आहे. हवा बंद असताना परमिएट पंप कोणत्याही कारणाने चालू राहता कामा नये, अशी विद्युत जोडणी असलीच पाहिजे.

धुणे नीट व्हावे यासाठी

बाजारात मिळणारे हायपो १० ते १२ टक्क्यांचे म्हणून येते, परंतु उन्हात ठेवलेल्या कॅनमध्ये त्याची शक्ती काही आठवड्यांत बरीच उतरते. १,००० लिटर पाण्यात ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर एवढा क्लोरीन हवा असेल, तर १० टक्क्यांचे हायपो ५ लिटर लागते. तेच हायपो ५ टक्क्यांवर आलेले असेल, तर आपण केवळ २५० देत असतो आणि पडदा "औषधाला दाद देत नाही" असे म्हणत असतो. कॅन सावलीत, झाकण सैल बंद करून, लागेल तेवढेच साठवावे आणि प्रत्येक नव्या कॅनची टक्केवारी प्रयोगशाळेतून किंवा साध्या टायट्रेशनने तपासावी. आठवड्याच्या धुण्याला २०० ते ५०० आणि वर्षातून एक-दोनदा भिजवून धुण्याला १,००० ते २,००० मिलिग्रॅम प्रति लिटर हा सामान्य पल्ला आहे. त्यापलीकडे जाण्यापूर्वी पडद्याच्या उत्पादकाची मर्यादा वाचावी.

हायपो आणि अॅसिड कधीही एकत्र येऊ देऊ नयेत. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंदिस्त तळघरात तो जीव घेऊ शकतो. एकाच टाकीत, एकाच पंपाने, एकामागोमाग एक ही द्रावणे चढवायची असतील, तर मध्ये संपूर्ण यंत्रणा साध्या पाण्याने धुऊन पीएच उदासीन झाल्याची खात्री करावी. आणि पडदे पाहण्यासाठी किंवा गाळ काढण्यासाठी माणसाला टाकीत उतरवू नये. गाळाच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो, तो जास्त प्रमाणात असला की नाकाला त्याचा वासही येत नाही. गटारे आणि सेप्टिक टाक्यांची धोकादायक सफाई माणसाकडून करवून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, तरी अशा टाक्यांत माणसे मरतच आहेत. मॉड्यूल चेन ब्लॉकने वर येते, टाकी पंपाने रिकामी होते. कोणाचाही जीव पणाला लावावा असे या कामात काहीही नाही.

वरचे सर्व दोष तपासून झाले, दोन्ही रसायनांनी योग्य क्रमाने धुतले आणि तरीही पारगम्यता मूळ आकड्याच्या निम्म्यावरच अडकली, तर पडदे खरोखरच जुने झाले असण्याची शक्यता विचारात घ्यावी. त्यासाठी आजवर दिलेल्या क्लोरीनचा हिशेब उपयोगी पडतो: ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरचे द्रावण १ तास ठेवले म्हणजे ५०० पीपीएम-तास, असे प्रत्येक धुण्याचे आकडे बेरजेत मांडून ती बेरीज उत्पादकाने दिलेल्या एकूण मर्यादेशी ताडावी. नवे पडदे मागवण्याआधी एक मॉड्यूल टाकीबाहेर स्वच्छ पाण्यात चालवून त्याची पारगम्यता मोजावी. स्वच्छ पाण्यात तो व्यवस्थित चालला, तर खरेदीची ऑर्डर थांबवावी आणि गाळ, जाळी, हवा व धुण्याचे पाणी हे सर्व पुन्हा पहिल्यापासून तपासावे. तेथेही तो अडला, तर त्याचे चार तंतू कापून, पिशवीत ओले ठेवून, उत्पादकाकडे तपासणीसाठी पाठवावे आणि त्यांचा अहवाल हाती येईपर्यंत फ्लक्स १० ते १२ वर ठेवून संयंत्र चालवावे.